जुन्या गेममधला राजपुत्र जाडा का दिसतो?

'प्रिन्स ऑफ पर्शिया' आजच्या रुंद मॉनिटरवर पूर्ण स्क्रीनभर ताणून बघा. राजपुत्र आडवा फुगलेला दिसेल. दोष गेमचा नाही. १९८७ मध्ये आयबीएमने व्हीजीए आणलं आणि डॉसवरच्या कितीतरी गेम्स त्याच्या ३२०×२०० पिक्सेलच्या मोडमध्ये चालायच्या. या आकड्यांचं गुणोत्तर ८:५, पण तेव्हाच्या डबा-मॉनिटरचं ४:३. म्हणजे प्रत्येक पिक्सेल रुंदीच्या १.२ पट उंच! ही उंची चित्राच्या आकड्यांत नव्हती, ती मॉनिटर द्यायचा. म्हणून १९२०×१०८० च्या स्क्रीनवर डॉसबॉक्समधली 'ॲस्पेक्ट' सेटिंग चालू करा, चित्र १४४०×१०८० मध्ये बसवा. कडेला काळ्या पट्ट्या राहतील, राहू द्या.

हा घोटाळा फक्त गेम्सचा नाही. आपल्या पुण्यात प्रभातने काढलेला 'संत तुकाराम' (१९३६) घ्या. त्याचीही चौकट जवळपास ४:३ च. रुंद टीव्हीवर ताणला की तुकोबासुद्धा जाडे दिसतात.

संशोधनाची तयारी करताय ना? मग जुना डेटा हाती आला की आधी विचारा, हा कोणत्या यंत्रावर बघितला जायचा? आणि तुमच्या वहीत आकड्यांशेजारी यंत्राचं नावही लिहून ठेवा.