मारिओची कॅप्सूल

वरून पडणारे ठोकळे रचण्याचा ‘टेट्रिस’ हा संगणकावरील खेळ १९८४ साली मॉस्कोत अलेक्सेई पाजित्नोव यांनी तयार केला. जपानच्या निन्टेन्डो कंपनीने १९९० मध्ये त्याच धर्तीवर ‘डॉक्टर मारिओ’ आणला. मिशीवाला मारिओ येथे डॉक्टर होऊन बाटलीत दुरंगी कॅप्सूल टाकतो. आत लाल, पिवळे, निळे विषाणू असतात. एका रंगाची चार घरे ओळीने जुळली की ती नाहीशी होतात. न जुळलेल्या कॅप्सूलचा ढीग साचत जातो. रोगाला नेमके औषध हवे, हे तत्त्व खरेच आहे. मात्र प्रतिजैविके जिवाणूंवर चालतात, सर्दीच्या विषाणूंवर नाही. म्हणून आपण विद्यार्थ्यांना विचारूया : सर्दीसाठी प्रतिजैविक घेतले, तर शरीरातले कोणते जिवाणू मरतील आणि कोणते मागे उरतील?