अफूचा मुलूख आणि वेदनेचे ज्ञान

एकोणिसाव्या शतकात माळव्याची अफू इंदूरच्या सरकारी काट्यावर तोलली जाई. ब्रिटिशांचा कर भरला की पेट्या मुंबई बंदरातून चीनकडे रवाना होत. आजही नीमच-मंदसौर भागात सरकारी परवान्याने अफूचे पीक घेतले जाते. याच अफूपासून मॉर्फिन मिळते आणि कर्करोगाच्या तीव्र वेदनेवर ते अत्यंत भरवशाचे औषध आहे. तथापि ज्या देशात हे पीक डोलते, त्याच देशातील असंख्य रुग्ण कण्हत मृत्यू पावले. असे का घडले?

एक कारण कायद्याचे. 1985 च्या अमली पदार्थविरोधी कायद्याने औषधी वापरास मनाई केली नव्हती. परंतु परवान्यांची गुंतागुंत आणि शिक्षेची धास्ती यांमुळे बहुतेक रुग्णालयांनी मॉर्फिन ठेवणेच सोडले. पुढील बारा वर्षांत देशातील त्याचा वापर सुमारे 97 टक्क्यांनी घटला. नेमक्या याच काळात, 1986 साली, जागतिक आरोग्य संघटनेने कर्करोगाच्या वेदनेवर पायरीपायरीने करावयाचे उपचार जगापुढे मांडले आणि मुंबईत वांद्रे येथे ‘शांती अवेदना’ हे मरणासन्न रुग्णांचे सेवासदन उघडले. कायद्यात सुधारणा होण्यास मात्र 2014 साल उजाडावे लागले.

दुसरे कारण अज्ञानाचे. डॉक्टर रोग शोधण्यास शिकले, वेदना ऐकण्यास नव्हे. रुग्ण सांगेल तीच त्याची वेदना, हे मार्गो मॅकॅफरी या अमेरिकन परिचारिकेने 1968 साली सांगितले. सिसिली साँडर्स यांनी 1967 साली लंडनमध्ये सेंट क्रिस्टोफर्स सेवासदन सुरू केले. शरीर, मन, कुटुंब व आत्मा या सर्वांची वेदना एकत्रच पाहावी, ही त्यांची शिकवण. रुग्णासही शिकवावे लागते: वेदना लपवू नये, औषध कळ येण्याची वाट न पाहता ठरल्या वेळी घ्यावे, बद्धकोष्ठावर सोबतच उपाय करावा, औषध एकाएकी बंद करू नये, वैद्यकीय देखरेखीखाली घेतलेले मॉर्फिन म्हणजे व्यसन नव्हे, आणि मरणाची चिठ्ठीही नव्हे.

तिसरे कारण आमच्या अंगणातले आहे. 24 फेब्रुवारी 1957 रोजी पोप बारावे पायस यांनी वैद्यांना स्पष्ट उत्तर दिले होते: अन्य उपाय नसेल, तर वेदनाशामक देणे योग्य आहे, मग त्याने आयुष्य काहीसे घटण्याचा संभव असला तरी, मात्र हेतू मृत्यूचा नसावा. हे उत्तर रुग्णशय्येपर्यंत आम्ही पोहोचवले काय? ‘दुःख प्रभूला अर्पण करा’ असे सांगताना, ‘कोठे दुखते? औषध मिळाले काय?’ हे विचारण्याचे आम्ही अनेकदा विसरलो. गेथशेमनेत प्रभूनेही प्याला टळावा म्हणून प्रार्थना केली. दुःख स्वेच्छेने अर्पण करणे हा ख्रिस्ती मार्ग होय. दुसऱ्यावर ते लादणे नव्हे.

म्हणून धर्मगुरू व धर्मशिक्षक यांनी आजाऱ्याच्या घरी पवित्र तेल नेताना हे ज्ञानही न्यावे. आधी विचारावे, ऐकावे, डॉक्टरांस कळवावे. मग प्रार्थना करावी.