दोन शब्दांचा कज्जा

दिवाळीत गिरणगावातून जाताना चाळींचे आकाशकंदील दिसतात आणि त्यांच्या डोक्यावर चढलेले उंच मनोरेही. मग मला दोन शब्द आठवतात: ‘मोकळी जमीन’.

१८५४ साली कावसजी दावरांनी मुंबईत पहिली कापडगिरणी काढली. १९८२ च्या संपानंतर मात्र भोंगे एकेक करून मुके झाले. उरली ती जमीन. गिरणी पाडून नवे बांधायचे तर साधारण एक तृतीयांश जागा उद्यानांना, एक तृतीयांश ‘म्हाडा’च्या घरांना आणि उरलेली मालकाला, अशी वाटणी १९९१ च्या नियमावलीने ठरवली होती. २००१ साली नियम बदलला. वाटणी फक्त मोकळ्या जमिनीची! अन् गिरणीच्या आवारात शेडच जास्त.

प्रकरण कोर्टात गेले. शेड पाडल्यावर रिकामी होणारी जागाही मोकळीच, असा अर्थ २००५ साली उच्च न्यायालयाने लावला. २००६ साली सर्वोच्च न्यायालयाने तो फिरवला: आधीपासून मोकळी असेल तेवढीच मोकळी. मैदानांचा आणि स्वस्त घरांचा वाटा आक्रसला.

भाऊबंदांच्या वाटणीपत्रात एक शब्द इकडचा तिकडे झाला, तर परसच हातचे जाते. इथे तर शहराचे परस होते. न्यायालय सरकारचा अधिकार तपासते. धोरणाचे शहाणपण सहसा तोलत नाही. ते तोलायची वेळ आधीच येते. नियम बदलताना हरकती मागवण्याची तरतूद १९६६ च्या नगररचना कायद्यात आहे. ती नोटीस, वाचकहो, आपण वाचतो का?