चौरंगीची गोगलगाय, बार्शीटाकळीचा धुरा

मृगाचा चांगला पाऊस होऊन आठवडा झाला होता. बार्शीटाकळीहून अब्बांचा फोन आला. सोयाबीन उगवलं होतं, पण धुऱ्याकडच्या चार तासांतली रोपं दोन दिवसांत नाहीशी झाली होती. आधी त्यांना वाटलं, पाखरांचं काम असेल. मग शेजारच्या शेतातले भाऊ रात्री बॅटरी घेऊन त्यांना धुऱ्यावर घेऊन गेले. म्हणाले, "चाचा, दिसभर हे लपून रायते, रातच्याले निंगते." मुठीएवढ्या शंखाच्या गोगलगायी कोवळी रोपं कुरतडत होत्या.

अब्बांना गोगलगाय नवी नव्हती. 'गोगलगाय अन् पोटात पाय' ही म्हण आपल्याकडे जुनीच आहे. पण म्हणीतली ती गोगलगाय लहानशी, कुणाचं उभं पीक न बुडवणारी. ही एवढी मोठी आली कुठून? अब्बांच्या या प्रश्नाचं उत्तर शोधता शोधता मी थेट कलकत्त्याला पोहोचलो.

ही शंखी गोगलगाय मूळची पूर्व आफ्रिकेची. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी ती मॉरिशस बेटावर पोहोचली होती. ईस्ट इंडिया कंपनीच्या नोकरीत विल्यम बेन्सन नावाचा एक अधिकारी होता. शंखशिंपल्यांचा त्याला भारी नाद. 1847 मध्ये त्याने मॉरिशसहून काही जिवंत गोगलगायी आणल्या आणि कलकत्त्यातल्या चौरंगी भागात एका मित्राच्या बागेत सोडल्या. त्यात वाईट हेतू काहीच नव्हता, होती ती फक्त हौस. भारतातल्या या किडीचा इतिहास तिथून सुरू होतो.

पुढचा प्रवासही माणसानेच घडवला. 1900 च्या सुमारास ती श्रीलंकेत गेली. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात जपान्यांनी तिला खाण्यासाठी म्हणून पॅसिफिक बेटांवर नेलं. गोगलगाय स्वतःच्या पोटावर किती चालणार? ती मातीतून, रोपांच्या कुंड्यांतून, वाळूच्या आणि शेणखताच्या गाड्यांतून फिरते. एकेका गोगलगायीत नर आणि मादी दोन्ही अंगं असतात. ती एका वेळी शंभराहून जास्त अंडी मातीत घालते. उन्हाळ्यात शंखाचं तोंड पापुद्र्याने बंद करून निजते आणि पाऊस पडला की जागी होते. नेमकी तेव्हाच आपली पेरणी उगवलेली असते. 2022 च्या खरिपात लातूर, बीड आणि उस्मानाबाद जिल्ह्यांत तिने सोयाबीनची शेतंच्या शेतं फस्त केली. अनेकांना दुबार पेरणी करावी लागली.

गोड्या पाण्यातल्या गोगलगायीची कथाही अशीच आहे. 1980 च्या सुमारास दक्षिण अमेरिकेतली सोनेरी गोगलगाय तैवानमध्ये आणली गेली. तिचं मांस विकून पैसा होईल, असा हिशेब होता. लोकांना चव आवडली नाही. मग ती पाटात, डबक्यांत सोडून दिली गेली आणि आशियातल्या कितीतरी देशांत भाताची वैरी झाली. महानच्या काटेपूर्णा धरणाचं पाणी पिणाऱ्या आपल्या भागाने हे लक्षात ठेवावं. काचेच्या टाकीतला शोभेचा जीव नकोसा झाला, म्हणून नदीत सोडू नये.

तिला आवरण्याचा इतिहासही तितकाच बोलका आहे. हवाई बेटांवर 1955 मध्ये फ्लोरिडातली एक शिकारी गोगलगाय सोडली गेली. ती मोठ्या गोगलगायींना खाईल अशी आशा होती. तिने स्थानिक, निरुपद्रवी गोगलगायींवरच ताव मारला. पुढे मूरिआ बेटावरही हाच प्रयोग झाला आणि 1987 पर्यंत तिथल्या पार्टुला गोगलगायी रानातून संपल्या. चोर पकडायला बोलावलेल्याने घरच्याच माणसांना मारावं, तसं झालं.

उलट उदाहरण खुद्द फ्लोरिडातलं. 1966 मध्ये एका मुलाने हवाईहून तीन गोगलगायी मायामीला आणल्या आणि त्याच्या आजीने त्या बागेत सोडल्या. त्यांच्या अठरा हजारांवर झाल्या. सरकारने जवळपास दहा वर्षं आणि दहा लाख डॉलर खर्चून त्या संपवल्या. गल्लोगल्ली शोधून त्या वेचल्या गेल्या, तेव्हा कुठे हे जमलं. 2011 मध्ये त्या तिथे पुन्हा सापडल्या आणि पुन्हा दहा वर्षं तीच मेहनत करावी लागली.

आमच्याकडेही शेवटी वेचणंच कामी आलं. संध्याकाळी गुळाच्या पाण्यात भिजवलेली बारदानं धुऱ्याला अंथरायची. पहाटे त्यांच्याखाली जमलेल्या गोगलगायी हातमोजे घालून वेचायच्या आणि मिठाच्या दाट पाण्यात टाकायच्या. उघड्या हाताने धरू नये, कारण त्यांच्यात माणसाच्या मेंदूला बाधणाऱ्या जंतांची पिल्लं असू शकतात. मेटाल्डिहाइडच्या गोळ्या मिळतात, पण त्या कुत्र्या-जनावरांनाही विषारी असतात, म्हणून जपून वापराव्या लागतात.

पहिल्या वर्षी अब्बांनी एकट्याने आपल्या शेतातल्या गोगलगायी वेचल्या. आठ दिवसांत शेजारच्या शेतातून तितक्याच आल्या. दुसऱ्या वर्षी ते आणि भाऊ मिळून दोन्ही बाजूंनी धुरा वेचू लागले. मग पलीकडचे दोघं आले. तेव्हा कुठे रोपं टिकली. गोगलगायीला सातबारा वाचता येत नाही. धुरा ही हद्द फक्त माणसांची आहे.

"परकी कीड" असं कृषी विभाग म्हणतो, ते शास्त्राला धरून आहे. पण सोयाबीन तरी कुठे वऱ्हाडची? ती मूळची चीनची. अम्मीच्या ठेच्यातली मिरची अमेरिकेची. बाहेरून आलेलं सगळंच वैरी नसतं आणि गोगलगायीलाही कुणाशी वैर ठाऊक नाही. तिला एका माणसाने हौसेने आणलं आणि पुढे हजारोंनी निष्काळजीपणे पसरवलं. गेल्या पावसाळ्यात मी गावी गेलो, तेव्हा पहाटे फजरच्या नमाजनंतर अब्बा बादली घेऊन निघाले होते. धुऱ्यावर भाऊ त्यांची वाट पाहत उभे होते.