मदात्ययाचे उपचार: मंथापासून गोळीपर्यंत

अतिमद्यपानाने होणाऱ्या विकाराला आयुर्वेदात मदात्यय म्हणतात. चरकसंहितेच्या चिकित्सास्थानातला 24वा अध्याय त्यालाच वाहिलेला आहे. सुश्रुतसंहितेच्या उत्तरतंत्रात पानात्यय, परमद, पानाजीर्ण आणि पानविभ्रम असे चार विकार वेगळे काढले आहेत. रात्री दारू प्यायल्यावर सकाळी जो त्रास (हँगओव्हर) होतो, त्याच्याशी यांतला पानाजीर्ण सर्वांत जुळतो.

चरकाची मीमांसा मोठी विचारपूर्वक केलेली आहे. मद्य लघु, उष्ण, तीक्ष्ण, रूक्ष अशा दहा गुणांचे, तर शरीराचे सार मानलेले ओज नेमक्या उलट दहा गुणांचे. हृदयात शिरलेले मद्य ओजाला क्षुब्ध करते आणि मन ढळते. दुधाचे गुण ओजासारखेच, म्हणून इतर उपचारांनंतरही अशक्तपणा राहिला तर दूध द्यावे. उन्हाळ्यात होरपळलेल्या झाडाला पाऊस तसे ते रुग्णाला, असे चरक सांगतो. चिंच, डाळिंब, फालसा, आवळा, खजूर, मनुका आणि वृक्षाम्ल यांचा आंबटगोड मंथ (घुसळून केलेले पेय) हाही त्याच ग्रंथात मद्यविकारांवर सांगितलेला आहे. वृक्षाम्ल म्हणजे बहुतेकांच्या मते आपले कोकम. मात्र योग्य मात्रेतले मद्य हेही तिथे मदात्ययावरचे औषध मानले आहे, आणि हा सल्ला आज कोणी पाळू नये.

ओजाला हार्मोनचे प्राचीन नाव ठरवण्याचा मोह टाळायला हवा. हार्मोनची, म्हणजे संप्रेरकाची, कल्पनाच विसाव्या शतकातली. दारूचा संप्रेरकांवर परिणाम मात्र होतो. दारू वासोप्रेसिन हे संप्रेरक दाबते, त्यामुळे लघवी वाढते आणि शरीरातले पाणी घटते. फार पिण्याने टेस्टोस्टेरॉन उतरते, कॉर्टिसॉल चढू शकते.

दारूच्या त्रासावरच्या पूरक गोळ्यांचा प्रवास जीवनसत्त्वांपासून सुरू होतो. 1926 साली बटाव्हियात यान्सेन आणि डोनाथ यांनी तांदळाच्या कोंड्यापासून थायमिन हे जीवनसत्त्व शुद्ध रूपात मिळवले. दीर्घकाळ पिणाऱ्यांच्या मेंदूविकारात त्याचा खरा उपयोग होतो आणि रुग्णालयांत ते आजही दिले जाते. पण व्यसनी माणसातली उणीव भरणे आणि एका रात्रीच्या पिण्यावर गोळी घेणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. बाजाराने त्या एक करून टाकल्या. दक्षिण कोरियात 1992 मध्ये 'कंडिशन' हे हँगओव्हरवरचे पेय आले. जपानमध्ये 2004 मध्ये हळदीचे 'उकोन नो चिकारा' आले. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने जुलै 2020 मध्ये अशी उत्पादने विकणाऱ्या सात कंपन्यांना इशारापत्रे पाठवली, कारण पूरक आहार म्हणून विकताना त्या आजार बरा करण्याचा दावा करत होत्या.

लंडनच्या किंग्ज कॉलेजच्या संशोधकांनी 2022 मध्ये हँगओव्हरवरच्या उपायांच्या 21 चाचण्यांचा आढावा प्रसिद्ध केला. लवंगेचा अर्क, लाल जिनसेंग, कोरियन नाशपातीचा रस असे उपाय त्यात तपासले होते. काहींनी थोडा गुण दाखवला, पण पुराव्याचा दर्जा फारच कमी भरला. संप्रेरके पूर्ववत करणारी गोळी अजून कोणीही सिद्ध केलेली नाही.