पांगुळगाड्याचे कूळ

तीन चाके, एक उभी चौकट आणि चिमुकल्या मुठीत मावेल असा आडवा दांडा, एवढ्याच ऐवजावर सुतार ज्याची घडण करतो, त्या पांगुळगाड्याचा धागा बालकाच्या दिग्ज्ञानाशी जाऊन मिळतो, हे मला केर्मोइअन आणि कॅम्पॉस यांच्या १९८८ सालच्या निबंधाने दाखविले. साडेआठ महिन्यांची जी बाळे अद्याप रांगत नव्हती, परंतु चाकांच्या चौकटीत फिरली होती, ती झाकलेली वस्तू शोधण्यात रांगणाऱ्यांच्या बरोबरीला आली होती. नुसती बसून राहणारी मागे पडली होती.

हा गाडा आला कोठून? तो फिरंग्यांच्या गलबतांतून उतरला, असा पक्ष सहज मांडता येतो. कारण क्लेव्ह्जच्या कॅथरीनच्या सुमारे १४४० च्या प्रार्थनापोथीत बालयेशू अशाच चाकांच्या चौकटीत उभा दिसतो. पण कोकणातल्या दाभोळ बंदरापुरते तरी मला हे पटत नाही. पोर्तुगीज व्हाइसरॉय फ्रान्सिस्को द आल्मेदाने १५०८ च्या अखेरीस जे बंदर जाळले, तेथील सुताराने त्याच लोकांची ही चौकट उचलली असेल, हे संभवनीय नाही. शिवाय त्या आधीच, बहामनी अमलात, निकितीन नावाचा रशियन व्यापारी ज्या दाभोळहून होर्मुझकडे निघाला, तेथे अरबस्तान-खुरासानचे घोडे उतरत होते. उसने घ्यायचेच, तर वाट पूर्वीपासून मोकळी होती. माझा तर्क याहून साधा आहे: पोथीतील चौकट बाळाला कोंडते, आपला गाडा बाळाच्या पुढे चालतो, आणि सारवलेल्या, उंचसखल भुईवर तीन टेकू कधी डुगडुगत नाहीत, हे ज्याला बैलगाडी घडविताना कळले, त्याला परक्याची गरज नव्हती.

दिग्ज्ञानाच्या धाग्यावरचा एक आक्षेप मात्र खरा आहे. पांगुळगाड्याचे बाळ उभे राहू लागलेले, बहुधा रांगून झालेले असते. म्हणून १९८८ चा निष्कर्ष त्याला जसाच्या तसा लागू होत नाही. येथे हेल्ड आणि हाइन यांचा १९६३ चा प्रयोग माझ्या बाजूने उभा राहतो. एकाच फिरत्या दांड्याला जोडलेल्या दोन मांजरपिलांपैकी जे स्वतः चालले, त्यालाच पुढे खोली आणि अंतर नीट उमगले. जे पाळण्यात बसून तितकेच फिरले, त्याला नाही. कॅनडाने २००४ मध्ये बंदी घातलेला बैठकीचा वॉकर आणि आपला पांगुळगाडा यांतील भेदही याच ठिकाणी आहे: ओटीवरून माजघराकडे निघालेला गाडा उंबरठ्यावर अडला, की तो मागे ओढून वळविण्याचे काम बाळालाच करावे लागते.