ओहोटीची डबकी आणि गॉसचा विषाद

ओहोटी लागल्यावर खडकांच्या खळग्यांत जे पाणी मागे राहते, त्यात एक सजीव सृष्टी नांदत असते. एकोणिसाव्या शतकातील इंग्लंडला हे दाखवून दिले ते प्रामुख्याने फिलिप हेन्री गॉस या निसर्गाभ्यासकाने. १८५२ साली प्रकृती सुधारावी म्हणून तो पत्नी व लहान मुलासह डेव्हनच्या किनाऱ्यावर येऊन राहिला. ओहोटी साधून तो खडकांवर जाई. लहान मासे, खेकडे, समुद्रपुष्पे निरखी आणि त्यांची सुरेख चित्रे काढी. या भ्रमंतीचे वर्णन त्याने १८५३ साली प्रसिद्ध केले. त्याच वर्षी लंडनच्या प्राणिसंग्रहालयात सार्वजनिक मत्स्यालय उघडले. घरच्या काचपात्रात समुद्रजीव कसे जगवावेत, हे सांगणारा त्याचा ग्रंथ १८५४ साली आला.

लोकांना जणू वेडच लागले. काचेवरील कर १८४५ सालीच उठला होता आणि आगगाडी किनाऱ्यांपर्यंत पोहोचू लागली होती. हातोड्या, छिन्न्या व बरण्या घेऊन हौशी मंडळी डबक्यांवर तुटून पडली. टाकीतील पाणी नासून जीव मेले, की नवे आणण्यासाठी पुन्हा किनारा गाठला जाई. डबकी ओस पडली. गॉसचा पुत्र एडमंड याने १९०७ साली पित्याच्या आठवणी लिहिल्या, त्यांत या विध्वंसाची आणि आपल्याच ग्रंथांनी तो ओढवला म्हणून पित्याला झालेल्या दुःखाची नोंद आहे. सृष्टीत ईश्वराची करणी पाहणाऱ्या त्या धर्मनिष्ठ गृहस्थाला ते शल्य किती बोचले असेल!

वास्तविक मासा ओळखण्यासाठी तो उचलून नेण्याची गरज नसते. डबक्यांत नेहमी भेटणारी दोन कुळे म्हणजे गोबी व ब्लेनी. गोबीच्या पाठीवर बहुधा दोन वेगळे पर असतात. पोटाखालचे पर जुळून त्यांची वाटी झालेली असते व तिने तो खडकाला चिकटून राहतो. ब्लेनीच्या पाठीवर एकच लांब पर असतो, अंग बिनखवल्यांचे व बुळबुळीत, आणि गळ्याखाली दोऱ्यांसारखे दोन बारीक पर. आपल्या खाड्यांच्या चिखलावर उड्या मारणारी निवटी ही गोबींचीच नातलग होय.

घरच्या टाकीत एक गोष्ट मात्र कधीच दिसली नसती. लेस्टर ॲरॉन्सन या अमेरिकन शास्त्रज्ञाने १९५१ साली असे मांडले, की एका जातीचा गोबी भरतीच्या वेळी खडकांवरून पोहताना खळग्यांच्या जागा ध्यानात ठेवतो आणि ओहोटीत शेजारचे डबके दिसत नसतानाही अचूक त्यातच उडी घेतो. माशाचे हे ज्ञान त्याच्या खडकाशी बांधलेले असते. खडक सुटला की ते निरुपयोगी ठरते.

मालवण, वेंगुर्ले किंवा गोव्यातील हणजुणे येथे जाल, तेव्हा डबक्याच्या काठी स्वस्थ बसा. आपली सावली पाण्यावर पडू देऊ नका. थोड्या वेळाने मासे आपण होऊन बाहेर येतील. एखादा दगड उलटलाच, तर तो होता तसा पुन्हा ठेवा. त्याखाली कोणाचे तरी घर असते.